बेल्व्हेडियरचे राष्ट्रीय ग्रंथालय : एक इतिवृत्त

भारतीय संविधानाला जोडलेल्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीच्या ६२ व्या नोंदीत, इंडियन म्यूझियम, व्हिक्टोरिया स्मारक इत्यादी मोजक्या संस्थांच्या अग्रभागी 'राष्ट्रीय ग्रंथालय' हे नाव आलेले आहे. आणि संविधानाच्या मजकुरात नामनिर्देशाचा मान ज्या थोड्या विद्यासंस्थांना लाभला त्यांत ग्रंथालय असे हे एकटेच आहे. मौज अशी की, २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाचा अंमल सुरू झाला तेव्हा संस्थेचे हे नाव अवघे दोनएक वर्षांचे होते, कलकत्त्याच्या अलिपूर भागातील तिच्या नव्या वास्तूचे दरवाजे वाचकांना अद्याप उघडावयाचे होते, आणि देशात छापल्या जाणाऱ्या एकाही पुस्तकावर तिचा कायद्याने हक्क पोचत नव्हता. मान आधी मिळाला, अधिकार मागाहून आला. आणि तोही किती लंगडा आला, हे पुढे यथावकाश दिसेलच.

या संस्थेचा इतिहास सांगू जाता तीन ग्रंथालयांचा इतिहास सांगावा लागतो, कारण लोकवर्गणीवर उभी राहिलेली कलकत्ता पब्लिक लायब्ररी, साम्राज्याच्या गरजेतून निपजलेली इंपीरियल लायब्ररी आणि स्वतंत्र राष्ट्राने आपल्या नावाने नांदविलेले राष्ट्रीय ग्रंथालय ही तिन्ही एकाच देहाची रूपे असली, तरी त्या तिहींचे हेतू एकमेकांहून फार निराळे होते. आमच्या मते या वृत्तान्तातील खरे सूत्र इमारतींच्या अगर अधिकाऱ्यांच्या बदलण्यात नसून, 'भारताविषयी लिहिलेले ग्रंथ' जमविणारी संस्था 'भारतात लिहिलेले ग्रंथ' राखणारी कशी झाली, यात आहे. हे अंतर वरवर पाहता अल्प वाटते. ते तोडावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पहिल्या रूपाचा उगम १८३५ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भरलेल्या सभेत आहे. 'इंग्लिशमन' पत्राचे संपादक स्टॉकेलर यांनी सर्व दर्जाच्या व सर्व वर्णांच्या लोकांस उपयोगी पडेल असे सार्वजनिक ग्रंथालय काढण्याची कल्पना मांडली, आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे मार्च १८३६ मध्ये, एस्प्लनेडवरील डॉ. स्ट्राँग या सिव्हिल सर्जनच्या घराच्या तळमजल्यावर ते सुरूही झाले. एकरकमी ३०० रुपये देईल तो संस्थेचा एक मालक, असा नियम होता, आणि असा पहिला मालक होण्याचा मान रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांना मिळाला. त्या काळचे ३०० रुपये ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली रक्कम नव्हे, हे उघडच आहे. तथापि गरीब विद्यार्थ्यांस काही ठरावीक मुदतीपर्यंत विनामूल्य वाचनाची मुभा त्याच नियमांत ठेविलेली होती, हे त्या चालकांच्या दृष्टीचे द्योतक मानावयास हरकत नाही. गव्हर्नर जनरल सर चार्ल्स मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ या नव्या संस्थेकडे वर्ग केले. वर्गणीदारांनी व देणगीदारांनी दिलेली पुस्तके आणि हा सरकारी ऐवज मिळून तिचे भांडवल झाले.

फोर्ट विल्यम कॉलेजचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, असे एक कारण आहे. या कॉलेजात बंगाली व संस्कृत यांच्या जोडीने मराठीही शिकविणारे विल्यम केरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली सिद्ध केला, आणि ही पुस्तके कलकत्त्याहून काही कोसांवर, हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यात निघाली; मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर, 'सिंहासन बत्तिशी', रघुजी भोसल्याची वंशावळी ही आरंभीची मराठी मुद्रिते तेथलीच. ज्या शहराने १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने आपल्या भोवताली 'मराठा खंदक' खणावयास घेतला होता, त्याच्याच आसमंतात सहा दशकांनी मराठी मुद्रणाचा ओनामा व्हावा, हा इतिहासाचा एक विनोद खरा. खंदक बुजून त्याचा रस्ता झाला, पुस्तके राहिली. या योगायोगाचा आम्ही उगाच अभिमान वाहू नये, परंतु राष्ट्राच्या ग्रंथधनात मराठीचा वाटा शोधू जाणाऱ्यास पुण्या-मुंबईआधी बंगालची वाट धरावी लागते, एवढे तरी ध्यानी ठेवावे.

१८४४ साली हे ग्रंथालय हुगळीच्या काठी, स्ट्रँड रस्त्यावरील मेटकाफ हॉलमध्ये गेले. १८३५ साली वृत्तपत्रांवरील निर्बंध उठविणाऱ्या मेटकाफच्या स्मरणार्थ लोकांनी बांधलेली ही वास्तू होय. भोवती उंच खांबांची रांग, ग्रीक धाटणीचा दर्शनी भाग, आणि तळमजल्यावर शेती व बागाईत यांच्या अभ्यासाची एक सोसायटी. मुद्रणस्वातंत्र्याच्या स्मारकात ग्रंथालयाने राहावे, यासारखी उचित जुळणी क्वचितच घडते. या काळातील संस्थेचा आधारस्तंभ म्हणजे प्यारीचाँद मित्र. आरंभापासून उपग्रंथपाल, पुढे ग्रंथपाल, पुढे विश्वस्त अशा चढत्या पदांनी त्यांनी आपले आयुष्य या संस्थेस वाहिले, आणि त्याच मेजाशी बसून 'टेकचाँद ठाकूर' या टोपणनावाने 'आलालेर घरेर दुलाल' ही बोलभाषेत लिहिलेली कादंबरी बंगाली वाङ्मयास दिली. ग्रंथपालाने केवळ चावी सांभाळणारा कारकून असू नये, हा पायंडा या संस्थेत असा पहिल्यापासूनच पडलेला दिसतो. पुढे काही काळ बिपिनचंद्र पाल यांच्यासारखा पुढारीही तेथे ग्रंथपाल होता. परंतु वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांची जी गत सर्वत्र होते तीच येथेही झाली: मूळ मालक निवर्तले, त्यांच्या वारसांस पुस्तकांपेक्षा हिश्शाची आस्था अधिक, वर्गणी थकू लागली, नगरपालिकेने काही भार उचलला तरी तो पुरेना, आणि शतक सरता सरता मेटकाफ हॉलमधील पुस्तकांवर धूळ व वाळवी यांचा अंमल बसला.

दुसरे रूप १८९१ चे. कलकत्ता तेव्हा साम्राज्याची राजधानी होती, आणि सरकारी खात्यांच्या सचिवालयांत प्रत्येकाचे आपापले ग्रंथालय होते. त्यांपैकी कित्येक एकत्र करून 'इंपीरियल लायब्ररी' या नावाची संस्था बनविण्यात आली. तिच्यात गृहखात्याचा संग्रह सर्वांत मोलाचा, कारण विलायतेतील ईस्ट इंडिया कॉलेजकडील पुस्तकेही त्यात आलेली होती. मात्र ही लायब्ररी वरिष्ठ सरकारी अंमलदारांपुरती होती. रयतेला तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल घालण्याची सोय नव्हती. लॉर्ड कर्झन यांनी व्हाइसरॉय होऊन आल्यावर ही दोन्ही ग्रंथालये पाहिली: एकाचे दार उघडे पण आत दुर्दशा, दुसऱ्याच्या आत समृद्धी पण दार बंद. कर्झनविषयी आपल्या देशात, विशेषतः बंगालच्या फाळणीमुळे, जे मत झालेले आहे ते बदलण्याचे काही कारण नाही. परंतु प्राचीन वास्तू आणि ग्रंथ यांच्या बाबतीत या गृहस्थाची नजर धन्याची होती, उपऱ्याची नव्हती, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी पब्लिक लायब्ररीच्या मालकांचे व शेतकी सोसायटीचे हक्क सरकारच्या वतीने विकत घेतले, त्या व्यवहारास बळकटी आणण्यासाठी १९०२ साली कायदा केला, आणि ३० जानेवारी १९०३ रोजी दोन्ही संग्रह एकत्र करून मेटकाफ हॉलमध्ये नवी इंपीरियल लायब्ररी सर्वांस खुली केली. तिचा हेतू सरकारी राजपत्रात जाहीर झाला तो असा की, हे संदर्भाचे स्थान असावे, अभ्यासकांचे कार्यस्थान असावे, आणि भारताविषयी कोणत्याही काळी लिहिलेला प्रत्येक ग्रंथ शक्य तोवर येथे पाहावयास व वाचावयास मिळून भावी इतिहासकारास साधनांचा साठा लाभावा.

हेतू थोर होता, परंतु त्याची कक्षा पाहा. ज्याविषयी ग्रंथ लिहावयाचे तो भारत. लिहिणारा व वाचणारा मुख्यत्वे इंग्रजी जाणणारा. देशी भाषांत त्या काळी जे शेकड्यांनी ग्रंथ छापले जात होते, कीर्तनाच्या पोथ्या, नाटके, शालोपयोगी पुस्तके, पंचांगे, वादविवादाची चोपडी, त्यांस या हेतूत नाव घेऊन स्थान नव्हते. भर अशी की, १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये प्रत्येक छापखान्यास आपल्या पुस्तकांच्या प्रती प्रांतिक सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटात निघत. पण त्या याद्यांवरून हवी ती पुस्तके निवडून घेण्याची सोय लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला व इंडिया ऑफिसला होती, आणि इंपीरियल लायब्ररीला मात्र पुढील कितीतरी वर्षे असा सरसकट हक्क मिळाला नाही. परिणाम असा झाला की, ब्लूमहार्ट यांनी केलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कलकत्त्याची इंपीरियल लायब्ररी अद्याप साहेबलोकांच्या कचेरीचे अंग होती. जप्त झालेल्या वाङ्मयाचे तर विचारूच नका. देवघरजवळच्या एका मराठी कुटुंबात जन्मलेले आणि बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक १९०४ साली निघाले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. अशा बंदी घातलेल्या पुस्तकांच्या प्रती येथे हुडकून नष्ट होत आणि तिकडे विलायतेत मात्र नमुन्यादाखल जपून ठेवल्या जात. स्वतःच्या देशात जे वाचणे गुन्हा, ते परदेशी कपाटात सुरक्षित, अशी ही व्यवस्था होती.

पहिले ग्रंथपाल जॉन मॅक्फर्लेन हे ब्रिटिश म्यूझियममधून आलेले, पद्धतशीर वृत्तीचे. १९०६ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून १९०७ साली आलेले हरिनाथ दे हे या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण माणूस म्हणावे लागतील. इंपीरियल लायब्ररीचे हे पहिले भारतीय ग्रंथपाल. पूर्वेच्या व पश्चिमेच्या मिळून ३४ भाषा त्यांस अवगत होत्या असे सांगतात, आणि या संख्येतून अतिशयोक्तीचा अंश वजा केला तरी उरते ते थक्क करणारेच आहे. संस्कृत, पाली, अरबी, फारसी यांबरोबर ग्रीक व लॅटिन यांतही ते पारंगत होते. इकडे फारसी बखरीचे संपादन, तिकडे तिबेटी-चिनी ग्रंथांचा अभ्यास, असे त्यांचे चाले. या पुरुषास नियतीने आयुष्य दिले ते अवघे ३४ वर्षांचे. १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. भाषांची संख्या आणि वयाची संख्या जुळली, असे त्यांचे चाहते म्हणत. त्यांच्यासारख्या विद्वानास यादी, हजेरीपट आणि खर्चाचे तक्ते यांच्या जोखडाखाली घालणे कितपत शहाणपणाचे होते, असा प्रश्न मनात येतो; पण देशी भाषांचा आणि देशी विद्येचा वास या संस्थेस प्रथम लागला तो त्यांच्याच काळात.

त्याच सालाच्या अखेरीस राजधानी दिल्लीस नेण्याचा निर्णय जाहीर झाला. मग इंपीरियल लायब्ररीनेही दिल्लीस जावे काय, हा वाद जो निघाला तो पुढे कित्येक वर्षे अधूनमधून उकरला जात राहिला. अखेर ती कलकत्त्यातच राहिली, याबद्दल बंगालला धन्यवाद द्यावे की दिल्लीच्या उदासीनतेला, हे ठरविणे कठीण आहे. चॅपमन या ग्रंथपालांच्या वीसएक वर्षांच्या दीर्घ कारकिर्दीत, १९२३ मध्ये, ती मेटकाफ हॉल सोडून एस्प्लनेडवरील परराष्ट्र व लष्करी सचिवालयाच्या रिकाम्या झालेल्या इमारतीत गेली. १९२६ साली रिची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील प्रत्येक मुद्रित पुस्तकाची प्रत या ग्रंथालयास कायद्याने मिळावी, अशी स्पष्ट शिफारस केली. ती दप्तरदाखल झाली आणि तिथेच पडून राहिली. १९३० पासून ग्रंथपाल असलेले के. एम. असदुल्ला यांनी १९३५ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा वर्ग ग्रंथालयातच काढला. देशातील ग्रंथपालांची एक पिढी त्यातून तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात एस्प्लनेडची इमारत सरकारला हवी झाली, तेव्हा सेंट्रल अॅव्हेन्यूवरील जबाकुसुम हाउसमध्ये, म्हणजे केसांच्या सुगंधी तेलासाठी घरोघर ठाऊक असलेल्या पेढीच्या इमारतीत, साम्राज्याच्या या ग्रंथभांडाराने काही वर्षे बिऱ्हाड केले.

याच मधल्या काळात, कोणत्याही सरकारी हुकुमावाचून, पुण्याचे शंकर गणेश दाते हे मराठी मुद्रणाच्या आरंभापासूनचा प्रत्येक मराठी ग्रंथ नोंदविण्याच्या कामास लागलेले होते. १८०० ते १९३७ या कालखंडाची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि तिचा १९५० पर्यंतचा दुसरा खंड हे काम ज्या प्रकारचे आहे, ते प्रगत देशांतून राष्ट्रीय ग्रंथालये करतात, त्यासाठी त्यांच्याजवळ कायदा असतो, नोकरवर्ग असतो, इमारत असते. दात्यांजवळ यांपैकी काहीच नव्हते. येथे त्यांचा उल्लेख करण्याचा हेतू गौरवाचा नसून, राष्ट्रीय संस्थेअभावी एकेका भाषेवर काय बोजा पडत होता याचे माप देण्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतर बी. एस. केशवन ग्रंथपाल झाले, १९४८ च्या कायद्याने 'इंपीरियल' हे विशेषण गळून 'राष्ट्रीय' हे आले, आणि संस्थेस अलिपूरचा बेल्व्हेडियर हा वाडा मिळाला. सुमारे ३० एकरांच्या बागेतील या वाड्याचा पूर्वेतिहास ग्रंथांशी फारसा संबंध सांगणारा नाही. वॉरन हेस्टिंग्जच्या काळाशी तो निगडित आहे. याच परिसरात १७ ऑगस्ट १७८० रोजी हेस्टिंग्ज व त्याच्या कौन्सिलातील फिलिप फ्रान्सिस यांचे पिस्तुलांनी द्वंद्व होऊन फ्रान्सिस जखमी झाला. १८५४ पासून बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर येथे राहत. रुंद पायऱ्या, उंच खांब, आत मेजवान्यांचे व नृत्यांचे प्रशस्त दालन. त्याच दालनात आता वाचकांच्या मेजांच्या रांगा लागल्या, आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ते सर्वसाधारण वाचकांस खुले झाले. वाडा देखणा खरा, पण राजवाडा आणि ग्रंथालय यांच्या गरजा भिन्न असतात; पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधलेल्या उंच छताखाली पुस्तकांच्या कपाटांना जागा कमी पडते आणि हवा मात्र नको तितकी मिळते. या गैरसोयीशी संस्था पुढील पन्नास वर्षे झगडत राहिली.

देशातील पुस्तकांच्या प्रती मिळण्याचा हक्क देणारा कायदा येईपर्यंत, आणि खरे म्हणजे आल्यावरही, या भांडारास जे खोल व दुर्मिळ असे लाभले ते देणगीदारांच्या औदार्याने. बरद्वान जिल्ह्यातील बुहार येथील घराण्याचा अरबी-फारसी हस्तलिखितांचा संग्रह कर्झनच्याच कारकिर्दीत आला. १९४९ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा ८० हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह दिला, आणि तो आशुतोषांच्या नावाने स्वतंत्र ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, विश्वविद्यालयाचा कुलगुरू आणि गणिती अशा तिहेरी भूमिकांत वावरणाऱ्या या माणसाने आपल्या मिळकतीचा केवढा हिस्सा पुस्तकांवर घातला असेल, याची कल्पना त्या कपाटांवरून येते. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांस कलकत्ता विश्वविद्यालयात प्राध्यापक म्हणून नेणारे आणि एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना स्थान देणारे ते हेच आशुतोष. तेव्हा त्यांच्या संग्रहास राष्ट्रीय ग्रंथालयात जागा मिळाली, यात त्या ग्रंथालयाच्या नव्या हेतूची चाहूल होती. पुढे तमिळ विद्वान वैयापुरी पिल्लै यांचा संग्रह आला, सर तेजबहादूर सप्रू यांची कागदपत्रे आली.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास त्यांहून जवळचे दोन संग्रह येथे आहेत. एक सर जदुनाथ सरकार यांचा, दुसरा सुरेंद्रनाथ सेन यांचा. शिवचरित्र व मोगल-मराठा संबंध यांसाठी जदुनाथांनी हयातभर जमविलेली फारसी हस्तलिखिते, वाचताना समासात टाचणे केलेली पुस्तके, असा हा ऐवज. आणि सेन म्हणजे मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर व लष्करी व्यवस्थेवर इंग्रजीत पहिल्या प्रतीचे ग्रंथ लिहिणारे पंडित. रियासतकार सरदेसाई आणि जदुनाथ यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत संपादिले त्यामागे जदुनाथांचे पाठबळ होते, आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड तर दोघांनी मिळून सिद्ध केले. जदुनाथांच्या काही निष्कर्षांवर महाराष्ट्रात रोष झाला, तो सर्वस्वी अस्थानी होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुण्यात रुमालांत बांधलेले मोडी कागद आणि अलिपुरात जपलेली फारसी अखबारे ही एकाच इतिहासाची दोन पारडी आहेत, आणि ज्यास तो तोलून पाहावयाचा आहे त्यास दोन्ही ठिकाणी जावे लागते, हे त्या रोषानेही नाकारलेले नाही.

आता कायद्याकडे वळू. १९५४ च्या मे महिन्यात अंमलात आलेल्या पुस्तकार्पणाच्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर असे बंधन घातले की, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची एक प्रत स्वखर्चाने राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी एकेक प्रत अन्य तीन ग्रंथालयांस पोचवावी. ही तिन्ही म्हणजे मद्रासचे कोनेमारा, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचे टाउन हॉलमधील, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूतील, मध्यवर्ती ग्रंथालय. म्हणजे मराठी पुस्तकाचे एक घर कलकत्त्यास आणि एक आपल्या दारी, अशी ही तरतूद. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही तिच्या कक्षेत आली. या कायद्यातील एक बारकावा आम्हांस फार मार्मिक वाटतो. कलकत्त्यास धाडावयाची प्रत सर्वांत उत्तम कागदावरील, नकाशे-चित्रांसह पूर्ण व नीट शिवलेली असली पाहिजे, आणि उरलेल्या तिघांस विक्रीच्या बहुसंख्य प्रती ज्या कागदावर छापल्या तो चालेल. कागदाचा दर्जा हा प्रत किती वर्षे जगणार याचा प्रश्न आहे, हे कायदा लिहिणाऱ्यास कळले होते. परंतु त्याच कायद्याने कसूर करणाऱ्यास दंड ठेविला तो जास्तीत जास्त ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत. आणि तीही फिर्याद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच केली तर कोर्टाने दाखल करून घ्यावयाची. ज्या प्रकाशकास चार पार्सलांचा टपालहशील ५० रुपयांहून जड वाटतो, त्याने आपला विचार काय करावा, हे सांगावयास नको. मोठ्या प्रकाशनसंस्था पुस्तके धाडतात; तालुक्याच्या गावी स्वतःच्या पदरचे पैसे घालून कवितासंग्रह अगर ग्रामचरित्र छापणाऱ्या गृहस्थास मात्र हा कायदा आहे हेच पुष्कळदा माहीत नसते, आणि खरी हानी होते ती तेथे, कारण अशा पुस्तकाच्या प्रती थोड्या आणि दुसरे ठिकाण कोणतेच नाही.

तरीही या कायद्याने संस्थेचे स्वरूप मुळापासून बदलले, हे निर्विवाद आहे. आजवर ग्रंथपाल पुस्तक निवडीत होता. आता ते निवडीवाचून येऊ लागले. चांगले-वाईट, शिष्ट-अशिष्ट, टिकाऊ-क्षणिक हा विवेक वाचकावर आणि काळावर सोपवून सर्व काही राखावयाचे, ही वृत्ती कर्झनच्या जाहीरनाम्यात नव्हती. आलेल्या पुस्तकांची मोजदाद करण्यासाठी बेल्व्हेडियरच्या आवारातच केंद्रीय संदर्भ ग्रंथालय निघाले आणि त्याने 'भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची' चालविली. १९५७ च्या अखेरच्या तिमाहीचा तिचा पहिला अंक १५ ऑगस्ट १९५८ रोजी बाहेर पडला. सर्व भाषांतील नोंदी एकाच क्रमात लागाव्यात म्हणून तीत मराठी, तमिळ, उर्दू सर्व नावे रोमन लिपीत, खुणांची टिंबे-रेघा देऊन छापलेली असत. मराठी डोळ्यास हा प्रकार रुचत नाही, पण चौदा भाषांचा मेळ घालण्यास त्या काळी दुसरी तोड सापडली नाही. साहित्य अकादमीसाठी १९०१ ते १९५३ या काळातील भारतीय वाङ्मयाची चार खंडांची सूची केशवन यांनी वि. य. कुलकर्णी यांच्या सहकार्याने सिद्ध केली, तिच्या तिसऱ्या खंडात मराठी आहे. केशवन यांच्यामागून ग्रंथपालपदी श्री. मुळे यांच्या रूपाने एक मराठी नाव आले, याचीही येथे नोंद करून ठेवतो.

ग्रंथ येणे निराळे आणि टिकणे निराळे. कलकत्त्याची दमट हवा कागदाची वैरीण आहे, आणि गेल्या दीड शतकातील कागद तर आपल्या नाशाचे बीज पोटातच घेऊन आलेला आहे. लाकडाच्या लगद्याचा, आम्लाचा अंश राहिलेला, पिवळा पडून कडेने तुटणारा. जुने पुस्तक दुरुस्तीस घेतले म्हणजे प्रथम पानांचे आकडे तपासून मग बांधणी उसवतात. कसर व बुरशी मारण्यासाठी त्यास बंद पेटीत औषधाची धुरी देतात. एकेक पान चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी पाण्यातून काढून आम्ल मारतात आणि सोख्यावर वाळवितात. अतिजीर्ण पान असेल तर त्याच्या दोन्ही अंगांस विणकरी जाळीसारखा पातळ टिश्यू कागद किंवा शिफॉनचे कापड खळीने बसवून दाबाखाली ठेवतात. खळ मैद्याची असली तर तीत मोरचूद घालावयाचे, नाही तर कसरीस आपण होऊन आमंत्रण दिल्यासारखे होते. एका कुशल कारागिराच्या हातून अशी पाने दिवसाकाठी मोजकीच होतात, आणि ग्रंथालयात पुस्तके आहेत २० लाखांच्या वर. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे संरक्षणाच्या कामातील निवड किती निष्ठुर असते, ते समजते. न निवडता घेतलेले ग्रंथ वाचविताना मात्र निवडावे लागतात.

संस्थेच्या कारभाराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, १९६८-६९ मध्ये झा समितीने तिची झडती घेऊन पुनर्रचना सुचविली, तदनुसार ग्रंथपालाच्या वर संचालक हे पद निर्माण झाले, आणि १९७६ मध्ये संसदेने संस्थेस स्वायत्तता देणारा स्वतंत्र कायदाही संमत केला. तो प्रत्यक्ष अंमलात आणण्यात मात्र आला नाही, आणि सरकारी खात्याची एक दुय्यम कचेरी हाच संस्थेचा दर्जा राहिला. अनामत रक्कम भरून पुस्तके घरी नेण्याची सोयही तिने दीर्घकाळ चालविली. राष्ट्राची राखीव प्रत घरोघर फिरावी काय, असा आक्षेप शास्त्र जाणणारे घेतात तो रास्त असला तरी, १८३६ सालच्या वर्गणीदारांचा तो वारसा सहजासहजी सुटण्यासारखा नव्हता.

या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्व्हेडियरच्या आवारात 'भाषा भवन' ही नवी प्रशस्त इमारत पुरी होऊन ग्रंथ तेथे गेले, आणि जुना वाडा पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली डागडुजीस मोकळा झाला. २०१० मध्ये या डागडुजीत तळमजल्यावर दारखिडकी नसलेली एक बंदिस्त खोली आढळली, आणि तीत खजिना असेल, सांगाडे असतील, अशा वावड्या वृत्तपत्रांतून उठल्या. तपासाअंती ती पाया भक्कम करण्यासाठी मातीने भरून काढलेली निघाली. भाषा भवनात प्रत्येक भारतीय भाषेचा आपला विभाग आहे, त्यांत मराठीचाही. जीर्ण पुस्तकांची छायाचित्रे संगणकात उतरवून ठेवण्याचे काम हाती घेतले गेले तेव्हा इंग्रजी पुस्तकांसाठी १९०० आणि भारतीय भाषांतील पुस्तकांसाठी १९२० ही मर्यादा धरण्यात आली. जुने ते आधी, हा नियम समजण्यासारखा आहे. परंतु मराठीच्या बाबतीत सर्वांत निकृष्ट कागद १९४२ नंतरच्या युद्धकालीन कागदनियंत्रणाच्या वर्षांतला आहे. त्या काळातील कथासंग्रह आणि मासिके हातात घेतली की पानांचा चुरा होतो, आणि त्याच शेल्फावरची १८७० ची चिंध्यांच्या कागदावरील पोथी मात्र अजून सरळ उघडते. सालांच्या क्रमाऐवजी कागदाच्या अवस्थेवरून हा क्रम लावला जावा, अशी आमची सूचना आहे.